पिवळ्या रेषेवर सोडलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि विमानतळाच्या अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझ्या पाठीला एक लाल चिठ्ठी बांधली आहे, 'ब्रेक नादुरुस्त'. मित्रांनो, ती बांधली त्या दिवशी माझा ब्रेक ठणठणीत होता. आधी एवढं सांगते, मग बाकीचं.

तुम्हाला वाटत असेल, विमानतळ म्हणजे एक घर. कसलं एक घर! बिऱ्हाडं नुसती. इमारत एका कंपनीची, विमानं दुसरीची, तपासणीचे शिपाई तिसऱ्याच खात्याचे. आम्हा खुर्च्यांना ढकलणारी माणसंसुद्धा वाटून घेतलेली. दारापासून जवळजवळ विमानापर्यंत इमारतवाल्यांची, तिथून पुढे विमानवाल्यांची. मध्ये फरशीवर एक पिवळी रेषा. तिथे खुर्ची थांबवायची, पलीकडच्या माणसाची कागदावर सही घ्यायची आणि मागे फिरायचं. आपलं पाऊल रेषेपलीकडे पडलं की ओळखपत्र जप्त.

मी नवी आले तेव्हा माझं रेक्झिन निळंशार होतं. पहिल्याच दिवशी मला इमारतवाल्यांच्या एका मदतनीसाने ताब्यात घेतलं. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. नऊ वर्षं मी त्याच्या हातात होते. रोज सकाळी तो माझ्या चाकांत तेल घालायचा, ब्रेक दोनदा लावून सोडून बघायचा. "हिला कुणी हात लावायचा नाही, ही माझी आहे," असं इतरांना दटावायचा. मी वेडी, मला ते खरं वाटलं.

एका दुपारी दारात एक आजी आली. जन्मभर मशीनवर कपडे शिवून तिचे गुडघे गेले होते. बसल्या बसल्या ती म्हणाली, "माझ्या ताईचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे रे. अकरा वर्षं आमचा अबोला. परवा तिनेच फोन केला, म्हणाली, तू आलीस की मगच मी आत जाणार."

"पोचाल हो आजी, मी आहे ना," पैलवान म्हणाला.

आम्ही रेषेपाशी आलो, तर पलीकडे कुणीच नव्हतं. इमारतवाल्यांना वाटलं, पलीकडच्या माणसाला विमानवालेच कळवतील. विमानवाल्यांना वाटलं, इमारतवाले कळवतील. एरवी पैलवान अशा वेळी थांबायचा. पण त्याच्या वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला, "रेषेपर्यंत आणलंस ना? मग आपलं काम संपलं. दारात चार जण ताटकळलेत, ये परत."

त्याने पलीकडे एकदा पाहिलं. मग माझा ब्रेक लावला, "येतीलच ते आत्ता" म्हणाला आणि निघून गेला.

विमानाकडे जाणारं दार समोर दिसत होतं, पंचवीस पावलांवर. माझा ब्रेक पाठीमागे, आजीचा हात तिथवर जाईना. ती दोनदा उठायला गेली आणि दोनदा मटकन बसली. तिचं नाव पुकारलं गेलं. "अहो, मी इथे आहे," ती म्हणाली, पण गर्दीत कोण ऐकतंय? जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, हिचं माणूस जवळच असेल. दार बंद झालं. काचेतून विमान हळूहळू मागे सरकताना आजीने पाहिलं. ती रडली नाही, नुसती माझा हात घट्ट धरून बसली.

दोन दिवसांनी चौकशी झाली. टेबलाभोवती तिन्हीकडचे साहेब बसले होते, मला भिंतीशी उभं केलं होतं. तासभर सगळे हात वर करत होते. मग पैलवानाला विचारलं, "सही न घेता बाईंना सोडून गेलास का?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब, ब्रेक अडकला होता. चाकच हलेना, म्हणून दुसरी खुर्ची आणायला गेलो."

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि ब्रेक दाबून बघेल. चार पावलांचं काम. कुणी उठलं नाही. दोष खुर्चीचा, यावर मात्र तिघांचं एकमत झालं. आजी त्या खोलीत नव्हती. तिच्या ताईचं काय झालं, ते मला आजही ठाऊक नाही. खुर्चीला कोण सांगतं?

परवा पैलवान इथे आला. माझ्या मनात आलं, आला बिचारा, चूक उमगली असेल. त्याच्या हातात पाना होता. त्याच्या नव्या खुर्चीचा ब्रेक खरोखरच बिघडला होता. त्याने माझा ब्रेक सोडवला, सवयीप्रमाणे दोनदा दाबून बघितला, मान हलवली आणि खिशात घातला. चिठ्ठीकडे त्याने बघितलंही नाही.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती आहे. तुमची आजी कधी त्या नव्या खुर्चीत बसली, तर ब्रेकची काळजी करू नका. तो माझा आहे, दगा देणार नाही. फक्त रेषा आली की तिचा हात धरून तिथेच उभे राहा, पलीकडचं माणूस येईपर्यंत.