बॅटरीवरचं इंजिन

छोटी चौपन्न वर्षांची होती, पण थोरल्या बहिणीच्या लेखी ती अजून छोटीच होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर ओल्या चादरी उचलून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा पायांचे नुसते तुकडे पडलेले असायचे. चपला काढते न काढते तोच मागच्या खोलीतून हाक यायची, "छोटे, रूळ पुसतेस ना गं?"

मागची खोली ताईची. ताईने एकतीस वर्षं मालगाड्या चालवल्या होत्या. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर एवढाच प्रवास उरला होता. खोलीच्या तीन भिंतींना धरून फळ्या ठोकल्या होत्या. त्यांवर दोन्ही टोकांना वळून परत येणारे रूळ, दोन स्टेशनं, एक चढाचा पूल आणि वीतभर लांबीचं हिरवं इंजिन, मागे सहा डबे. इंजिनाला वीज मिळायची ती रुळांतून, चाकांवाटे. रुळांवर धुळीचा ठिपका बसला तरी इंजिन गचके द्यायचं, दिवा मिचमिचायचा आणि गाडी उभी. म्हणून छोटी रोज बोटाला स्पिरिटचं फडकं गुंडाळून भिंतीभोवती फिरायची. चार वर्षं हेच चाललं होतं.

इस्पितळात चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणारा एक माणूस होता. सगळे त्याला खुर्चीवालाच म्हणत. एकदा डबा खाताना छोटीने त्याला हे रूळपुराण ऐकवलं.

"अहो बाई, वर अख्खा माणूस बसलेली खुर्ची बॅटरीवर चालते," तो म्हणाला, "मग तुमचं ते वीतभर इंजिन का नाही चालणार? बॅटरी गाडीतच ठेवायची, रिमोट हातात. रुळांत वीजच नाही म्हटल्यावर पुसायचंय काय?"

छोटीने घरी येऊन ताईला सांगितलं. ताईच्या कपाळावर आठ्या.

"बॅटरीवर चालतं ते खेळणं."

"मग हे काय आहे?" छोटी बोलून गेली.

ताईने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस दोघी मूग गिळून बसल्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा हाक आली, "छोटे, रूळ..."

छोटी दारातच जमिनीवर बसली. "ताई, मी दमले गं. आज नाही पुसत. उद्याही नाही."

मग ताई म्हणाली, "मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की आत्ता."

"बरं. तुझा तो खुर्चीवाला काय देतो ते आण."

त्याने बोटाच्या पेराएवढ्या दोन बॅटऱ्या दिल्या, नखाएवढा एक रिसीव्हर आणि एकच गोल बटण असलेला रिमोट. रविवारी दुपारी ताईच्या खाटेवर पाट ठेवून काम सुरू झालं. इंजिनाच्या पोटात शिशाचा ठोकळा होता. बॅटरीला जागा व्हावी म्हणून छोटीने तो काढला आणि रिकामं इंजिन पुलाच्या चढावर ठेवून पाहिलं. जुन्या विजेवर चाकं गरागरा फिरली, पण गाडी जागची हलेना.

"वजन काढल्यावर पकड कुठून येणार?" ताई म्हणाली. "परत बसव तो. बॅटरी पहिल्या डब्यात टाक आणि वायरी पुढे आण."

आता चाकांकडून मोटरीला येणाऱ्या दोन वायरी तोडायच्या होत्या. "कात्री मला दे," ताई म्हणाली. तिने स्वतः तोडल्या, आणि कात्री बराच वेळ खाली ठेवली नाही.

नव्या वायरी जोडून त्यांना डाग द्यायचं काम छोटीकडे आलं. डोळे जड झाले होते. लाल वायर काळीच्या जागी लागली. जळका वास, धुराची एक बारीक रेघ, आणि रिसीव्हर गेला.

छोटीने पाटावर डोकं टेकलं आणि ती रडू लागली. इतकी, की नखाएवढ्या वस्तूसाठी कोणी रडणार नाही.

ताई रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "एकदा मी मालगाडीच्या चाळीस वाघिणी घेऊन लाल सिग्नल ओलांडला होता."

छोटीने मान वर केली. "हे कधी बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं होतं का? पुढे रूळ मोकळा होता म्हणून निभावलं. सलग तिसरी ड्यूटी होती. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'दुर्लक्ष'. मी सही केली. दुर्लक्ष नव्हतं गं. दमले होते."

"मग सांगायचं नाही का?" छोटी नाक पुसत म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

पुढच्या रविवारी दुसरा रिसीव्हर आला. या वेळी प्रत्येक वायरीचा रंग ताई मोठ्याने सांगत होती आणि छोटी तो पुन्हा म्हणून मगच डाग देत होती. ताईने अंगठ्याने बटण किंचित फिरवलं. कित्येक दिवसांची धूळ खाल्लेल्या रुळांवरून इंजिन निघालं, एकही गचका न देता. पूल आला, चढ आला, दिवा तसाच तेवत राहिला.

"कशी चालते?" छोटीने विचारलं.

"बॅटरीचा डबा वळणावर जरा झुकतो," ताई म्हणाली. मग दुसरं स्टेशन मागे पडल्यावर पुटपुटली, "पण आपल्या दमाने चालते."

छोटी खुर्चीत टेकली आणि दुसऱ्या फेरीलाच तिचा डोळा लागला. पाऊण तासाने गाडी हळू होत होत समोरच्या भिंतीपाशी थांबली. ताईने हाक मारायला तोंड उघडलं. छोटीचा एक पाय चपलेत होता, दुसरा बाहेर. ताईने तोंड मिटलं आणि रिमोट उशीशेजारी ठेवला.

उजेड कलल्यावर छोटी दचकून उठली. "थांबली? हाक का नाही मारलीस?"

"कुणाला पोचायचंय कुठे?"

छोटीने डबा आणून चार्जरला लावला. चार्जिंगला लावून बाजूला जायचं नाही, असं खुर्चीवाल्याने बजावलं होतं. म्हणून ती खाटेच्या कडेला बसली. ताईने पाय थोडे सरकवून तिला जागा केली.