घड्याळजींच्या उजव्या डोळ्याचं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पेपर वाचायचं नव्हे हं! काळ्या वाटीत बसवलेलं, घड्याळजी भुवई आणि गालाच्या मध्ये धरतात ना, ते! कारखान्यात मला इतकं घासलं, इतकं घासलं, की माझ्यातून डासाच्या पायाएवढा स्क्रू खुर्चीच्या पायाएवढा दिसायला लागला. काय रुबाब होता माझा!

घड्याळजींचा उजवा डोळा हेच माझं घर. गिऱ्हाइकं म्हणाली, "नजर असावी तर अशी!" की आम्ही दोघंही फुगायचो. त्यांची लेक अखंड बोलायची, म्हणून ते तिला टिकटिक म्हणत.

मग तो डोळा अधूनमधून लाल होऊ लागला. आतून ठणकायचा, उजेड टोचायचा. चिकट घाण मात्र कधीच नसायची. "डोळे आलेत," म्हणत घड्याळजी औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे. लाली जायची, पुन्हा यायची. सकाळी त्यांची पाठही आखडायची. "दिवसभर वाकून बसता, आखडेल नाहीतर काय!" टिकटिकची आई म्हणायची.

टिकटिकला हे काम शिकायचं होतं. तिनं हात पुढे केला की घड्याळजी मला झटकन उचलायचे.

"हात नाही लावायचा. माझं तुला लागेल."

"मग मला वेगळं घेऊन द्या!"

"आधी तोंड बंद ठेवायला शीक, मग बघू."

रोज ते मला साबणानं धुवायचे. पुढे पुढे तर सारखं पुसायचे. "काच धुरकट झालीय," म्हणायचे. मित्रांनो, काच स्वच्छ होती हो!

एका सकाळी टिकटिकचाच डोळा लाल झाला.

"लावलंस ना माझं भिंग?" घड्याळजी कडाडले.

"नाही ना बाबा! शप्पथ!"

तिला आईबाबांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा घड्याळजींनी मला टेबलावर ठेवलं. "बाई, यातूनच लागण झाली बघा."

डॉक्टरबाईंनी तिचा डोळा तपासला. "हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आत सूज आहे. शरीराची राखण करणारी फौज कधीकधी चुकून आपल्याच डोळ्यावर तुटून पडते. तीच फौज पाठीच्या सांध्यांवरही जाते. घरात सकाळी कुणाची पाठ आखडते का?"

मायलेकींनी घड्याळजींकडे पाहिलं.

मग त्यांचीही तपासणी झाली. वारंवार सूज येऊन उजव्या डोळ्यातला दाब वाढला होता, नस सुकली होती. टिकटिक वेळेत आली, तिचा डोळा वाचणार होता. त्यांची गेलेली नजर परत येणार नव्हती. रक्त तपासलं, तर या आजाराशी जोडलेलं एकच जनुक बापलेकीत निघालं.

"म्हणजे मीच दिलं हिला?"

"जनुक दिलंत, आजार नाही. ते जनुक असूनही पुष्कळांना काहीच होत नाही. यात तुमचा दोष नाही."

घड्याळजींनी मान हलवली. मग मला हातात घेऊन एवढंच म्हणाले, "किती धुवायचो हो मी हे..."

आता टिकटिकचा डोळा हेच माझं घर. पोरगी गुणी आहे, हात स्थिर आहे. पण खरं सांगू? मला घड्याळजींचाच डोळा हवा आहे. ते शेजारी बसून विचारतात, "दिसतंय ना?" ती म्हणते, "दिसतंय, बाबा." थोड्या वेळानं ते पुन्हा विचारतात.

मित्रांनो, लाल डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, तर 'आले असतील' म्हणून घरी बसू नका. मनानं थेंब घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला असं झालं असेल, तर तेही सांगा. लाजू नका, कुणाला बोल लावू नका.

एवढं माझं ऐका. घड्याळजींना मला हे सांगता आलं नाही.