माझ्या तोंडी घातलेली तारीख

मी जन्मतारखेची एक चौकट बोलतेय. टोंगोआ बेटावरच्या दवाखान्यात, लेइसोंग आजीच्या नावापुढची. इथं आजीला बुबू म्हणतात.

जन्मले मी कार्डावर. नर्स लेइमातानं विचारलं, "बुबू, जन्मतारीख?"

"तारखा कोण बघत होतं गं तेव्हा? मोठ्या वादळानंतर कोनफळं निघाली, तेव्हाची मी. कोनफळं दणदणीत, मी चिमूटभर!"

लेइमातानं मला रिकामी ठेवलं आणि शेजारी बुबूचे शब्द लिहिले. रिकामी होते, पण खरी होते. ठाऊक नाही, एवढंच सांगायचे. मान ताठ ठेवून सांगायचे.

मग संगणक आला. कार्डं त्यात उतरवायला बसला बुबूचाच नातू, कालमेत. तिच्या हातचा कोनफळांचा लापलाप खाऊन वाढलेला. मशीन मला रिकामी घेईना.

"राजधानीत, पोर्ट विलाच्या कचेरीला फोन कर," लेइमाता म्हणाली. "रिकामी चालेल असं करून घे."

"कोण ती यातायात करणार, सिस्टर? बदलू नंतर."

आणि त्यानं माझ्या तोंडात १ जानेवारी १९०० कोंबलं. बुबूचे शब्द कार्डावरच राहिले. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं मला.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं जहाज यायचं होतं, आणि बुबूलाही मोतीबिंदू होता. मोतीबिंदूवाल्यांची यादी संगणकानं काढली. माझ्या तारखेनं बुबू एकशेदहा वर्षांच्या वर गेली; इतकं माणूस जगतं कुठं? त्यानं बुबूला मेलेल्यांत टाकलं. माझ्या साक्षीवरून!

बुबू काठी टेकत किनाऱ्यावर गेली. यादीवाली बाई चाचरली, "आजी, इथं तुम्ही... वारलात."

"वारले? मग सकाळपासून ही काठी कोण आपटतंय, माझं भूत?"

रांग खदखदून हसली. कालमेत धावत आला, हातापाया पडला. पण जागा भरल्या होत्या. जहाज पुन्हा दोन वर्षांनी.

परतताना बुबू एवढंच म्हणाली, "माहीत नाही म्हणायला जीभ झडली होती का रे तुझी?"

त्याच दिवशी त्यानं फोन केला. इतके दिवस टाळलेली यातायात पाच मिनिटांत आटोपली. आता मी पुन्हा रिकामी आहे, शेजारी बुबूचे शब्द आहेत. पण माझ्या तोंडून निघालेलं खोटं तिच्या डोळ्यांवर बसलंय. माणसांनो, ठाऊक नसेल तर मला मोकळी सोडा. माझ्या तोंडी काहीबाही घालू नका.

काल बुबू आली, संगणकाच्या पडद्याला नाक लावून उभी राहिली. "काय दिसतंय रे माझ्या नावापुढे?"

"काहीच नाही, बुबू," कालमेत म्हणाला.

"मलाही नाही," ती म्हणाली.