कुंपणापाशी कोण कोण होतं

फिल्टनमध्ये साठी उलटलेल्या कोणालाही विचारा, की बाबा रे, काँकॉर्ड पहिल्यांदा उडालं तेव्हा तू कुठे होतास? उत्तर ठरलेलं आहे. धावपट्टीच्या कुंपणापाशी. सगळे कुंपणापाशीच होते. त्या सगळ्यांना खरोखर ओळीने उभं केलं असतं, तर रांग ब्रिस्टल ओलांडून समुद्रात उतरली असती. आणि ते विमान बांधलं कोणी, असं विचारलंत तर त्याचंही उत्तर एकच: आम्ही. कारखान्याच्या कँटीनमध्ये बटाटे सोलणारी बाई 'आम्ही बांधलं' म्हणते, आणि कामगारांचे केस कापणारा न्हावीही तेच म्हणतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अर्धं फ्रेंचांनी बांधलं हेही आम्ही कबूल करतो, पण मूड चांगला असला तरच.

त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. विमानाच्या संग्रहालयात लोर्ना टोव्ही मंगळवारी आणि शुक्रवारी बिनपगारी काम करायची. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर घरी बसून तिला कंटाळा आला होता. तिच्याकडे काम आलं ते लोकांच्या आठवणी गोळा करण्याचं. प्रत्येकाने त्या दिवशी काय पाहिलं ते एका कार्डावर लिहायचं, आणि निवडक कार्डं शेडमध्ये, खुद्द विमानाशेजारच्या भिंतीवर लावायची.

कार्डं तपासायला तिच्या जोडीला होता डेस्मंड हेंबर. कारखान्याच्या विमानांचे आराखडे काढायच्या खात्यात त्याची उभी हयात गेली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आणि खाक्या एकच: बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. सबंध फिल्टनमध्ये 'मी नव्हतो कुंपणापाशी' असं सांगणारा हा एकटाच. त्या दुपारी तो दाढ काढायला गेला होता. पन्नास वर्षं गाव त्याला त्या दाढेवरून चिडवत होतं, आणि आता गावाला चाळणी लावायची पाळी त्याची होती.

चाळणी सोपी होती. कोणी लिहिलं की त्या दिवशी आभाळात मोठा धमाका झाला, तर ते कार्ड बाद, कारण त्या दिवशी विमान आवाजाच्या वेगाच्या जवळपासही गेलं नव्हतं. कोणी लिहिलं की ते परत येऊन उतरताना पाहिलं, तर तेही बाद, कारण उतरलं ते दूर फेअरफोर्डच्या धावपट्टीवर. बाद कार्डं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायची. पंधरा दिवसांत डबा भरला आणि दुसरा आणावा लागला.

"अहो, माझ्या मावशीच्या खिडकीची काच फुटली त्या धमाक्याने," मिसेस पेगलर काउंटरवर येऊन भांडल्या.

"काच फुटली असेल," डेस्मंड म्हणाला. "पण त्या दिवशी काकांनी काय फेकून मारलं होतं, ते मावशीला विचारा."

लोर्नाला या सगळ्याची मौज वाटायची. खोटं कोणीच बोलत नव्हतं, तरी निम्म्या गावाची आठवण चूक होती. हे होतं कसं? धमाका पुढच्या वर्षीचा, उतरणं कुठल्या तरी बातमीपटातलं, आणि दोन्ही येऊन बसले त्या एका दुपारी. आपलं माणूस लग्नाला आलं नसेल तरी फोटोत असावंसं वाटतं, तसंच हे असणार, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

मग एका शुक्रवारी डेस्मंडच्या हातात तिचंच कार्ड आलं. ते तिने सगळ्यांत आधी लिहिलं होतं आणि भिंतीवर मधोमध लावायचं ठरलेलं होतं. डेस्मंडने चष्मा वर ढकलून ते मोठ्याने वाचलं. "'मी साडेपाच वर्षांची होते. बाबांच्या खांद्यावर बसले होते. आवाजाने माझं पोट थरथरत होतं. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.'" तो थांबला. "लोर्ना, तू खांद्यावर होतीस ना?"

"हो."

"मग चेहरा कसा दिसला तुला? खांद्यावरून माणसाचं टक्कल दिसतं."

तो हे सवयीने बोलून गेला. बोलल्यावर त्याला तिचा चेहरा दिसला आणि त्याने कार्ड खाली ठेवलं. "जाऊ दे. असेल काहीतरी. लावून टाकू."

"नाही," लोर्ना म्हणाली. "मिसेस पेगलरना एक न्याय आणि मला दुसरा, असं नको." कार्ड तिने स्वतःच्या हाताने डब्यात टाकलं.

टाकलं खरं, पण लक्ष त्याच डब्याकडे लागून राहिलं. तिचे वडील सिरिल टोव्ही कारखान्यात विमानाचे पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचे. विमान उडालं त्याच वर्षी हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. पुढे आईने दुसरं लग्न केलं, आणि घरं बदलता बदलता फोटोंची पेटी कुठेतरी राहून गेली. बाप म्हणून लोर्नाजवळ जे काही उरलं होतं ते म्हणजे तो एक चेहरा. आता तोही कुठल्या बातमीपटातला निघाला तर? दुसऱ्याच कोणाचा तरी चेहरा आपण पन्नास वर्षं बाप म्हणून सांभाळला, असं तर नाही?

पुढचा आठवडाभर तिला रस्त्यात दुसरं काही दिसेना. जिथे म्हणून बापाच्या खांद्यावर मूल दिसे, तिथे ती थबकायची. बागेत एका मुलीला तिने सरळ विचारलं, "का गं, तुला बाबांचा चेहरा दिसतो का तिथून?"

"नाही," मुलगी म्हणाली. "इथे त्यांना केस नाहीत, तेवढं दिसतं."

बापाने कसनुसं हसून डोक्यावर टोपी चढवली. लोर्ना घरी आली, चहा केला आणि तो न पिताच बसून राहिली. डेस्मंडचं बरोबर होतं, याचाच तिला राग येत होता.

उड्डाणाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विमानाच्या पांढऱ्या पोटाखाली लोक माना वर करून उभे होते, अगदी आजारी नातलगाशी बोलावं इतक्या हळू बोलत होते. कोणी चाकाला हात लावून बघत होतं, कोणी उगाच डोळे पुसत होतं. केक, चहा, भाषणं सगळं यथासांग चाललं होतं. लोर्ना आणि डेस्मंड टेबलाशी कोरी कार्डं घेऊन बसले होते.

दुपारी एक म्हातारा काठी टेकत आला. कोट इस्त्रीचा, दाढी ताजी, नव्वदीच्या आसपासचा. नाव आयव्हर ब्रेसी, पूर्वी कारखान्यात रंगकाम करायचा आणि आता लेकीकडे वेल्समध्ये राहायचा. एवढ्यासाठी दोन बस बदलून आला होता.

"बसा, मिस्टर ब्रेसी," लोर्ना म्हणाली. "त्या दिवशी कुठे होतात तुम्ही?"

"कुंपणापाशी."

डेस्मंडने पेन घेतलं आणि सुस्कारा टाकला. "बरं. काय पाहिलंत?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. अरे, माझ्या खांद्यावर एक पोरगी होती. विमान गडगडत आलं तशी ती घाबरली आणि दोन्ही हातांनी माझे डोळे गच्च दाबून धरले. सोडवतो म्हटलं तर केस उपटायला लागली. चार वर्षं मी त्या यंत्राला रंग लावला, आणि ते उडालं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधार."

"एकशेऐंशी कार्डं तपासली," डेस्मंड लोर्नाकडे वळून म्हणाला, "आणि खरं बोलणारा हा पहिला माणूस भेटला." मग म्हाताऱ्याला म्हणाला, "मुलगी तुमची का?"

"छे. सिरिल टोव्हीची. रिव्हेटची बंदूक धरून धरून त्याचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. मला म्हणाला, आयव्हर, हिला उचल रे तेवढी, गर्दीत दिसत नाहीये तिला."

डेस्मंड लिहायचा थांबला. लोर्नाने टेबलाची कड धरली होती. मग तिने विचारलं. "आणि ते स्वतः? ते कुठे होते?"

"सिरिल? माझ्यापुढेच, हातभर अंतरावर. पण गाढव कुंपणाकडे पाठ करून उभा. डोळे झाकले जाण्याआधी मी ओरडलो होतो, अरे फीर की, निघालं ते. तर म्हणतो, मी ते रोज बघतो." म्हाताऱ्याने मान हलवली. "पोरीकडे बघत होता. तिला दाखवायला आणलं होतं ना. तिला कसं वाटतंय ते बघायचं होतं त्याला. हिने माझे डोळे सोडले तेव्हाही तसाच उभा. इतकी वर्षं घाम गाळला, आणि एकदा वळून म्हणून बघितलं नाही."

"हसत होते का?" लोर्नाने विचारलं.

"हसत होता, रडत होता, काय ते दोन्ही. तू कशाला विचारतेस?"

"तुमचे डोळे मी झाकले होते, मिस्टर ब्रेसी. मी सिरिलची लोर्ना."

म्हाताऱ्याने टेबलावरून हात पुढे करून तिची दोन्ही मनगटं धरली, आणि उलटीसुलटी करून तिचे पंजे पाहिले. "केवढी ताकद होती गं तुझ्यात," तो म्हणाला. लोर्ना हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. भर गर्दीत ती रडली आणि तिला लाज वाटली नाही.

डेस्मंडने तिला थोडा वेळ रडू दिलं. मग पेन पुन्हा उचललं. स्वभावाला औषध नसतं. "कार्ड तर लिहायला हवं," तो म्हणाला. "पण विमान पाहिलं कोणी? यांचे डोळे झाकलेले. सिरिलची विमानाकडे पाठ. राहिलीस तू. खांद्यावर होतीस, तोंड समोर होतं. सांग, कसं दिसलं?"

पन्नास वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. लोर्नाने डोळे मिटले आणि अगदी मनापासून आठवून पाहिलं. धावपट्टी आठवेना, पंख आठवेनात, उचललेलं नाक आठवेना.

"मला नाही दिसलं," ती म्हणाली. "मी बाबांकडे बघत होते."