रद्द केलेला अकरावा टेक

शालनच्या आवाजावर शंका घेतली ती ऋषीने, आणि तीही कॅन्टीनमध्ये, सगळ्यांच्या देखत.

शहाण्णव सालची गोष्ट. घरोघरी केबल आली होती आणि गाण्यांचे चॅनेल दिवसभर चालू असत. म्हणून वाशीच्या त्या कॉलेजाने महोत्सवात नवी स्पर्धा ठेवली. विद्यार्थ्यांनी स्वतः गाणं रचायचं, स्वतः गायचं आणि स्वतःच त्याचा व्हिडिओ करायचा. नियमांत एकच नियम कडक होता: आवाज कॉलेजातल्याच विद्यार्थ्याचा हवा.

क्षिप्राच्या गटात तिघं होती. ती स्वतः, कॅमेरा धरणारा पार्थ आणि गाणारी शालन. तिघंही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शालन करावे गावची, शेवटच्या बाकावर बसणारी. हजेरी देताना तिचा आवाज मधल्या बाकापर्यंतही पोचत नसे. पण गायला लागली की तोच आवाज भरदार, जरा जुनाट वाटणारा, खाडीच्या वाऱ्यात वाढलेला असा निघे. तिची आत्या बायजाबाई गावातल्या लग्नांत धवले गायची. हळदीपासून वरातीपर्यंत सगळी गाणी तिला तोंडपाठ. तिच्यामागे बसून शालन शिकली होती. गाणं मात्र शालनने स्वतः रचलं होतं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काळ्या पडद्यांच्या अंधारखोलीत, कारण कॉलेजात तेवढीच एक खोली शांत होती, त्यांनी ते रेकॉर्ड केलं. ढोलकी पार्थने वाजवली.

ती कॅसेट कॅन्टीनमध्ये लावली तेव्हा ऋषी म्हणाला, "आवाज कॅसेटवरच्या कुठल्यातरी बाईचा, व्हिडिओत तोंड हिचं. डबिंग आहे बॉस, फुल डबिंग."

त्याचाही गट स्पर्धेत होता. त्याने महोत्सवाच्या प्रमुख अरुणा मॅडमकडे लेखी तक्रारच दिली. मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि निरीक्षणाशिवाय निष्कर्ष काढत नसत. त्यांनी सांगितलं, दोनच मार्ग आहेत. शालनने सगळ्यांसमोर उभं राहून गावं, नाहीतर व्हिडिओ बघून ठरेल. ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर प्रवेशिका बाद.

क्षिप्राला पहिला मार्ग सोपा वाटला. दोन मिनिटांचं काम. शालनने डब्याचं झाकण लावलं आणि खाली बघतच म्हणाली, "चोरी केल्यासारखं उभं राहून पुरावा नाय द्यायचा मला. व्हिडिओ दाखवा. त्यात दिसेल."

"दिसेल," क्षिप्रा म्हणाली. हा शब्द आपण दिला आहे, हे तिने मनात नोंदवून ठेवलं.

कॅमेरा मिळाला तो चातुर्मासामुळे. नेरुळला श्यामसुंदर नावाचे गृहस्थ लग्नांचं शूटिंग करत. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त संपत आणि त्यांचा कॅमेरा दिवाळीनंतरपर्यंत कपाटात पडून राही. पार्थ त्यांच्याच सोसायटीत राहायचा. पोरं काहीतरी करतायत म्हटल्यावर त्यांनी कॅमेरा दिला, आणि संकलनासाठी दुकानातले दोन व्हीसीआरही वापरू दिले. अट एवढीच, की लेन्सला बोट लावायचं नाही.

शूटिंग नारळी पौर्णिमेला करायचं ठरलं. त्या दिवशी करावेची खाडी सजते. होड्यांना नवा रंग, पताका, बायका नव्या लुगड्यांत, सोन्याने मढवलेला नारळ. हे सगळं त्यांना फुकट मिळणार होतं, आणि वर्षातून एकदाच.

क्षिप्राने तयारी तिच्या पद्धतीने केली. टेकची यादी, वेळा, भरती-ओहोटीचा तक्ता. चित्रण करताना टेपरेकॉर्डरवर गाणं वाजत राहणार आणि शालन त्याच्याबरोबर गाणार, म्हणजे ओठ बरोबर पडतील. किनाऱ्यावर वीज कुठून आणणार, म्हणून रेकॉर्डर सेलवर चालवायचा होता. घरातले चार मोठे सेल तिने प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरवर एकेक करून तपासले. प्रत्येकी दीड व्होल्टच्या आसपास. पार्थ नवे घेऊ म्हणत होता. गरज नाही, असं तिने त्याला वहीतले आकडे दाखवून सांगितलं.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. शालन हिरवं लुगडं नेसून होडीच्या टोकावर उभी राहिली आणि पहिल्या टेकपासून तिची कॉलेजात खाली असणारी मान वर झाली ती पुन्हा खाली गेली नाही. बायजाबाई काठावर उलट्या टोपलीवर बसली होती. सहाव्या टेकनंतर तिने क्षिप्राला जवळ बोलावलं.

"पोरी, गानं बसत चाललंय गो. सूर खाली उतारलाय."

क्षिप्राने घड्याळ बघितलं, वारा बघितला. वाऱ्यामुळे तसं वाटतं, असं तिने आदराने समजावलं. बायजाबाईने एकदा तिच्याकडे आणि एकदा रेकॉर्डरकडे बघितलं आणि पानाला चुना लावायला घेतला.

अकराव्या टेकला, शेवटच्या कडव्याच्या आधी, रेकॉर्डर घरघर आवाज करून बंदच पडला. पार्थने कॅमेरा तसाच चालू ठेवला होता. शालन थांबली. काठावरून बायजाबाईने हात वर केला.

"त्या डब्याला काय इचारतेस? तुजं गानं हाय. गा."

आणि आत्याने एक सूर दिला. शालनने तो उचलला आणि शेवटचं कडवं साथीशिवाय गायली. मध्येच मागून इंजिन लावलेली एक होडी धडधडत गेली, तेव्हा तिने आवाज वाढवून सूर धरून ठेवला, होडी दूर जाईपर्यंत. काठावरच्या बायका हसल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. क्षिप्राने वहीत लिहिलं: टेक ११, रेकॉर्डर बंद, बाहेरचा आवाज, रद्द. शेवटचं कडवं आधीच्या टेकमध्ये दोनदा आलं होतं, त्यामुळे काही अडणार नव्हतं.

अडलं ते तीन दिवसांनी, श्यामसुंदरांच्या दुकानात. त्यांनी रीत दाखवली. आधी नव्या टेपवर मूळ कॅसेटवरचं गाणं घालून घ्यायचं, मग एका व्हीसीआरवर शूटिंग लावून दुसऱ्यावर त्या गाण्याच्या वर चित्राचे तुकडे एकामागून एक बसवत जायचे. क्षिप्राने पहिला तुकडा बसवला. पहिल्या ओळीत शालनचे ओठ किंचित मागे पडले. दुसऱ्या ओळीत स्पष्टच मागे. चौथ्या ओळीला कडवं संपलं होतं आणि शालनचं तोंड अजून उघडं होतं.

पार्थ म्हणाला, "ही तर खरंच डबिंगवाली वाटतेय."

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. क्षिप्राने कॅमेऱ्याच्या टेपवर आलेला रेकॉर्डरचा आवाज ऐकला आणि स्टॉपवॉच लावलं. मूळ कॅसेटवर पहिलं कडवं पन्नास सेकंदांचं होतं. दुसऱ्या टेकमध्ये तेच बावन्न सेकंद चाललं होतं, आणि नवव्यात चोपन्न. सूर उतरला होता. बायजाबाईने सांगितलं होतं तसाच.

कारण तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच तिचे कान तापले. सेल नुसता मीटरला लावला तर जुनाही दीड व्होल्ट दाखवतो. त्याच्यातून वीज ओढायला लागलं की आतला रोध वाढलेला सेल खचतो. या प्रयोगाला तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. घरी सराव केला तो विजेवर, त्यामुळे सेलची परीक्षा झाली ती थेट खाडीवर. रेकॉर्डरची मोटर हळूहळू मंदावत गेली, आणि शालन प्रामाणिकपणे त्या मंद गाण्याबरोबर गात राहिली.

नारळी पौर्णिमा पुन्हा येणार होती ती पुढच्या वर्षी. स्पर्धेला सतरा दिवस होते.

श्यामसुंदरांनी धीर दिला. चित्रावर नक्षी टाकायच्या त्यांच्या यंत्रात गुलाबाचं फूल होतं, बदाम होता, चांदण्या होत्या. "लग्नात जिथे फसतं तिथे मी गुलाब टाकतो," ते म्हणाले. "भटजी शिंकले तरी गुलाब."

क्षिप्राने दुसऱ्या दिवशी शालनला सगळं सांगितलं. चूक माझी, आत्यांचं ऐकायला हवं होतं, हेही. आणि विचारलं, आता तरी मॅडमसमोर गाशील का?

शालन म्हणाली, "तू बोललीस ना दिसेल म्हणून. मग दिसू दे."

क्षिप्राने घरी येऊन आकडेमोड केली. चित्राच्या एका सेकंदात पंचवीस चौकटी. ओठ दोन-तीन चौकटी मागे असले तरी डोळ्याला कळत नाही, हे तिने पार्थला समोर बसवून, पुन्हा पुन्हा दाखवून तपासलं. म्हणजे सूट एक दशांश सेकंदाची. सुरुवातीचे टेक शेकडा चारने मंद होते, त्यात अडीच सेकंदांपर्यंत फरक कळणार नव्हता. शेवटचे आठने मंद, त्यात सव्वा सेकंद. तेवढ्या वेळात तुकडा तोडायचा, मध्ये काहीतरी दुसरं दाखवायचं, आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला ओठ पुन्हा गाण्याशी जुळवून घ्यायचे. प्रत्येक तुकड्यात शालन गाण्यापासून जराशी मागे पडू लागणार, आणि मागे पडलेली कुणाला दिसण्याआधी तिला परत आणायचं.

मध्ये दाखवायला पार्थने भरपूर घेऊन ठेवलं होतं: जाळं सोडणारे हात, पताका, चिखलातली पावलं, बायजाबाईच्या नाकातली नथ. एरवी हे सगळं वाया गेलं असतं. व्हीसीआरचं बटण दाबल्यावर चित्र उमटायला किती वेळ लागतो, तो क्षिप्राने वीस वेळा मोजून सरासरी काढली आणि तेवढं आधी बटण दाबू लागली. तरी एकेक तुकडा चार-चारदा बसवावा लागे. कॉलेज सुटल्यावर रोज दुपारी दोन तास. बाराव्या दिवशी सत्त्याऐंशी तुकडे झाले होते. श्यामसुंदर गिऱ्हाईक सोडून मागे येऊन उभे राहिले. "हे एकदम चॅनेलसारखं पळतंय," ते म्हणाले. "माझा गुलाब कुठे बसणार यात?"

राहिलं शेवटचं कडवं. त्यात एक सूर सहा सेकंद धरायचा होता, आणि तो तोडला तर गाण्याचा जीवच जात होता. हात दाखवा, पताका दाखवा, पण त्या सुरावर शालनचा चेहरा नसेल तर ऋषी नेमकं तिथेच बोट ठेवणार. क्षिप्राने वही उलटून सगळे टेक पुन्हा वाचले आणि शेवटच्या नोंदीवर थांबली. रद्द.

तिने अकरावा टेक लावला. वारा, पाणी, लांबून येणारं इंजिन. आत्याचा सूर, त्यावर शालनचा. ढोलकी नाही, अंधारखोलीची शांतता नाही. आवाज काहीसा फाटलेला होता. तिने तो तीन वेळा ऐकला. मग नव्या टेपवरचं शेवटचं कडवं पुसलं, आणि अकरावा टेक चित्र आणि आवाजासकट, मध्ये एकही तुकडा न तोडता, जसाच्या तसा घातला.

महोत्सवाच्या दिवशी सभागृहात दोन मोठे टीव्ही मांडले होते. करावेहून बायजाबाई आली होती, नथ घालून, पहिल्या रांगेत अरुणा मॅडमच्या शेजारी. ऋषीच्या गटाचा व्हिडिओ आधी झाला, आणि तो चांगला होता, हे क्षिप्राने स्वतःशी मान्य केलं.

मग त्यांचा सुरू झाला. पहिल्या दहा तुकड्यांत क्षिप्रा पडद्याकडे बघतच नव्हती. ती मॅडमच्या मानेकडे बघत होती. मॅडम पुढे झुकल्या होत्या, ओठ बघत होत्या. तिसऱ्या कडव्यापर्यंत मान हलली नाही. मग एकदम ढोलकी थांबली आणि सभागृहात वारा शिरला. मागून कुणीतरी म्हणालं, आवाज गेला. आणि पडद्यावर हात वर केलेल्या आत्याकडे बघत शालन गायला लागली.

भरतीचं पानी दारान आयलं,
होरीला बापाचं नाव मी लायलं.

होडी धडधडत आली. शालनने सूर चढवला, धरला, आणि होडी जाईपर्यंत सोडला नाही. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. होडी गेली, बायका हसल्या, आणि शालन, कॅमेरा चालू आहे हे विसरून, स्वतःही हसली. गाणं तिथेच संपलं.

मॅडम मागे टेकून बसल्या. त्यांनी पर्समधून तक्रारीचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि परत ठेवून दिला. टाळ्या संपता संपता ऋषी उठून शालनच्या रांगेपाशी आला. म्हणाला, "त्या बोटीच्या वर आवाज कसा काढलास गं?"

"काढला नाय," शालन म्हणाली. "तेवढाच हाय."

नंबर पहिला आला. पण त्याआधी पडद्यावर नावं आली होती. श्यामसुंदरांच्या यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून क्षिप्राने ती कार्डपेपरवर स्केचपेनने लिहून, कॅमेऱ्यापुढे एकेक धरून घेतली होती. गीत आणि गायन, शालन. ढोलकी आणि छायाचित्रण, पार्थ. संकलन, क्षिप्रा. आणि सगळ्यात शेवटी आणखी एक कार्ड होतं. बायजाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून शालनने मागच्या रांगेतून वाकून तिच्या कानात वाचून दाखवलं: सुराची तपासणी, बायजाबाई, मुक्काम करावे.

बायजाबाईने मान वळवून क्षिप्राला शोधलं.

"मग?" ती म्हणाली. "वारा होता का गो त्यो?"

"नाही आत्या," क्षिप्रा म्हणाली. "सेल होते."

बायजाबाईने समाधानाने पदर सारखा केला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा लावला. या वेळी क्षिप्राने पडद्याकडे बघितलं.