दादाच्या अक्षरातला शब्द

दादाने साठीनंतर इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करायला घेतले. रोज एक. कार्डाच्या पुढे शब्द, मागे स्वतःचं इंग्रजी वाक्य. वाक्य रोजच्या जगण्यातलं आणि खरं असायला हवं. खोट्या वाक्याने शब्द टिकत नाही, असं तो म्हणे. शेवटचे आठ महिने तो वहिनींशी बोललाच नाही. कशावरून बिनसलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. कार्डं मात्र चुकली नाहीत.

तो गेल्यावर वहिनींनी कार्डांचं खोकं माझ्यापुढे ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही.

"ह्यांनी माझ्यावर राग धरला होता का, तेवढं बघा भाऊजी."

मी सगळी वाचली. पोस्टमन होता, गळका नळ होता. मी तर 'भेकड' या अर्थाच्या तिन्ही शब्दांमागे होतो. वहिनी कुठेच नव्हत्या.

हे सांगायला माझी जीभ रेटेना. एक कोरं कार्ड आणि दादाचंच पेन घेतलं, त्याचं तिरपं अक्षर गिरवलं आणि लिहिलं, माझी बायको क्षमाशील आहे. दुसऱ्या दिवशी मराठी करून वाचून दाखवलं. वहिनींनी तोंड फिरवलं. मग रोज विचारू लागल्या, आणखी काही सापडलं का.

मी रोज लिहू लागलो. आधी शब्दकोशातून शब्द शोधून. पुढेपुढे शोधावं लागेना. हात लिहून मोकळा होई, अर्थ मी मागाहून पाही. हे कुणाला पटेल असं वाटत नाही. मलाच धड पटलेलं नाही.

काल दुपारी हाताने लिहिलं, 'पर्फिडी'. कोशात अर्थ निघाला विश्वासघात. मागे वाक्य होतं, धाकटा भाऊ माझ्या नावाने रोज विश्वासघात करतो. मी कार्ड फाडणार, तोच वहिनी दारात.

आयुष्यात पहिल्यांदाच मी काही लपवलं नाही. शब्द, अर्थ, वाक्य, सगळं वाचलं. आधीची कार्डं माझी, हेही सांगून टाकलं. आता घरातून घालवतील असं वाटलं.

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं.

"ती तुमची, ते कळत होतं मला," त्या म्हणाल्या. "इतकं गोड हे कधी बोलले नाहीत. हे कार्ड मात्र ह्यांचं."

मग कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं, पेन हातात दिलं, आणि समोर बसल्या.

"आता विचारा त्यांना, माझं काय चुकलं होतं."

माझा हात हलू लागला.