व्हिनेगर, सोडा आणि तिल्डाची पहिली रात्र

माझ्या घराला आयुष्यभर फरशी धुवायच्या ब्लीचचा वास होता आणि मला त्याचा गर्व होता. कुणी दारात पाऊल टाकलं की नाक चोळत म्हणायचं, "अर्लिस, किती स्वच्छ असतं गं तुझ्याकडे." मी ते कौतुक समजायचे. आमच्या लुथरन चर्चच्या तळघरात जे स्वयंपाकघर आहे त्याची मी प्रमुख. तिथल्या कॉफीच्या किटल्या मी अशा घासते की पाद्रीबुवांना त्यात स्वतःचं टक्कल दिसतं, आणि ते त्यांना आवडत नाही हे मला माहीत आहे. अशा बाईला पोटच्या पोराने फोन करून सांगावं, की मॉम, तुझं घर बाळाला चालणार नाही. आता काय बोलायचं यावर?

डॅरिन फोनवर नेहमीसारखा गोलगोल बोलत होता. "शनिवारी विलाच्या मैत्रिणीचं लग्न आहे, तळ्याकाठच्या लॉजवर. तिल्डाला रात्रभर तुझ्याकडे ठेवायचा विचार होता."

"होता म्हणजे?"

"म्हणजे आहे. फक्त ते ब्लीच, मॉम. त्या वासाने विलाचं डोकं उठतं. आणि तिल्डाची छाती जरा नाजूक आहे ना. ते ब्लीच बंद झालं तर बरं, नाहीतर आम्ही तिला घेऊनच जातो."

तिल्डा माझी एकुलती एक नात. नुकती रांगायला लागली होती. ती जन्मल्यापासून मला मिळाली ती रविवारच्या जेवणापुरती, तीही माझी सून विला शेजारी सावध बसलेली असताना. मला एक रात्र हवी होती. सकाळी डोळे उघडल्यावर पोरीने आधी माझं तोंड बघावं, एवढंच. "टाकलं समज सगळं ब्लीच," मी म्हटलं. एक बाटली तेवढी तळघरात ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यामागे ठेवली. अडीअडचणीला असावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी विला स्वतः सामान घेऊन आली. विला पार पश्चिमेकडच्या ओरेगॉनची, तिकडे सगळं नैसर्गिक हवं असतं. ओट्यावर बरणीत कोबी आंबवून ठेवते आणि ती बरणी पाहुण्यांना कौतुकाने दाखवते. पण बोलायला नम्र, त्यामुळे भांडताही येत नाही. तिने टेबलावर एकेक वस्तू मांडली. पांढरं व्हिनेगर, खाण्याचा सोडा, ऑलिव्ह तेलाचा पातळ साबण, चार लिंबं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच लागतं, अर्लिस. व्हिनेगर काचांना आणि नळावरच्या पांढऱ्या डागांना. सोडा सिंक आणि टब घासायला. साबण फरशीला. लिंबू हवं तर वासाला. फक्त एकमेकांत मिसळू नका. आणि ब्लीच तर कशातच नको."

"अगं, माझा जन्म गेलाय स्वयंपाकघरात," मी म्हटलं. ती नुसती हसली. तिने तिथेच माझा हात धरून ठेवायला हवा होता.

कारण आमच्याकडे रांधायची रीत एकच. जे जे चांगलं ते ते एका भांड्यात घालायचं. खिमा, बटाटे, मक्याचे दाणे, वर मशरूमच्या सूपचा डबा ओतायचा आणि भांडं ओव्हनमध्ये सारायचं. त्याला हॉटडिश म्हणतात आणि त्यावर आमची मिनेसोटाची माणसं जन्मतात, लग्न करतात आणि पुरली जातात. मग मी विचार केला, एकेक वस्तू वेगळी वापरत कोण बसतंय? मोठी बादली घेतली आणि साफसफाईचं हॉटडिश केलं.

आधी व्हिनेगर, मग सोडा. काय फसफसलं म्हणून सांगू. फेस बादलीच्या काठावरून खाली आला, माझ्या चपलांवर आला. मी म्हटलं, वा, याला म्हणतात ताकद. मग त्यात साबण ओतला. बघते तर पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या, दूध नासल्यासारख्या. शहाण्या बाईने तिथेच ती बादली ओतून दिली असती. मी पोछा बुडवला आणि अख्खं स्वयंपाकघर पुसून काढलं.

फरशी वाळली तेव्हा तिच्यावर चिकट पांढरी साय होती. मी चालले तर एक चप्पल मागे राहिली. शेजारची मार्व्हेल मागच्या दाराने आत आली, तिथेच थबकली आणि हवा हुंगली.

"काकड्या घातल्यास का लोणच्याला? ऑक्टोबरात?"

"घर साफ केलंय."

"कशाने, अर्लिस?"

"नैसर्गिक पदार्थांनी."

मार्व्हेलने खाली पाहिलं, बोटाने फरशी चाचपली आणि म्हणाली, "मग निसर्गाला सांग, परत एकदा पुसून घे."

पुसली. गुडघ्यांवर बसून, गरम पाण्याने, दोन वेळा. मग नाइलाज झाला म्हणून विलाने सांगितलं होतं तसं केलं. व्हिनेगरचं फडकं नळाला गुंडाळून ठेवलं, सोड्याने सिंक घासलं, फरशीला बादलीभर पाण्यात जरासा साबण. आणि मेलं ते सगळं लागू पडलं. नळावर वर्षानुवर्षांची पांढरी पुटं होती, ती नखाने सुटून आली. एवढी वर्षं मी ब्लीच ओतत होते आणि ती पुटं मला हसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. आंबट कोबीवाल्या पोरीचं बरोबर निघालं म्हणून.

शनिवार दुपारपर्यंत घर लखलखीत झालं. खाट मांडली, दुलई घातली, डॅरिन लहानपणी चावायचा ते लाकडी बदक काढून धुतलं. राहिलं फक्त टॉयलेट. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोखंड फार, त्यामुळे भांड्यात पाण्याच्या रेषेवर तांबडं कडं बसतं. सकाळीच मी त्यात व्हिनेगर ओतून ठेवलं होतं, अख्खी बाटली. कडं फिकं झालं होतं, गेलं नव्हतं. रात्रभर ठेवलं असतं तर गेलं असतं, हे मला आता सगळेच सांगतात.

डॅरिन आणि विला यायला थोडाच वेळ राहिला होता. माझ्या डोक्यात एकच चित्र. विला हात धुवायला आत जाईल, कडं बघेल, आणि मनात म्हणेल, एवढा तोरा आणि हे असं. मी तळघरात गेले, झाडाचं खोकं बाजूला केलं आणि बाटली वर आणली. जरासंच ओतलं. पण माझं जरासं काय असतं ते चर्चमध्ये माझी कॉफी पिणाऱ्यांना विचारा.

आधी वास आला पोहण्याच्या तलावाचा. मग कुणीतरी तो तलावच माझ्या नरड्यात ओतला. डोळ्यांतून धारा लागल्या, छाती आवळली, श्वास घ्यावा तर खोकला आणि खोकावं तर श्वास नाही. त्या वेळी मला खरंच वाटलं, संपलं आता, आणि तेही टॉयलेटमध्ये. भिंत धरत बाहेर आले, समोरचं दार ढकललं आणि अंगणात पानांच्या ढिगावर बसकण मारली. डोक्यात कर्लर, अंगावर एप्रन, हातात टॉयलेटचा ब्रश. तो का सोडला नाही ते मला माहीत नाही.

मार्व्हेलने फोन केला. गावाचा भोंगा वाजला. आमचं अग्निशमन दल म्हणजे हौशी माणसं. भोंगा झाला की कुणी ट्रॅक्टरवरून उतरतो, कुणी न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या केसांनी उठतो. माझ्या एका टॉयलेटसाठी दोन बंब आले. प्रमुख ड्युएन कुबिचेक, हार्डवेअरच्या दुकानवाला. शाळेत असताना त्याने मला एकदा नाचायला नेलं होतं आणि रात्रभर माझ्या पायावर उभा होता. तो मुखवटा चढवून आत गेला. पोरांनी मला प्राणवायू लावला, छाती तपासली, म्हणाले, बऱ्या आहात, पण आत जायचं नाही.

आमच्या गावात दलाचं आपसातलं बोलणं ऐकवणारा रेडिओ घरोघरी लागलेला असतोच. थोड्याच वेळात रस्त्यावर मोटारी लागल्या आणि चर्चच्या बायका हॉटडिशची झाकलेली भांडी घेऊन उतरल्या. मी गेले असं समजून आणलं होतं बहुतेक, कारण मला बसलेली पाहून दोघी-तिघी जरा हिरमुसल्या.

ड्युएन बाहेर आला, मुखवटा काढला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला. "व्हिनेगरवर ब्लीच ओतलंस?"

"हळू बोल."

"अर्लिस, त्याचा विषारी वायू होतो, मेली असतीस गं." त्याचा चेहरा उतरला होता, त्यामुळे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. "खिडक्या उघडल्यात, पंखे लावलेत. पण आज रात्री या घरात कुणी झोपायचं नाही. बाळ तर मुळीच नाही."

तेवढ्यात डॅरिनची गाडी वळणावर दिसली. बंब, गर्दी आणि पानांवर बसलेली आई बघून त्याने ती रस्त्याच्या मधोमधच उभी केली आणि धावत सुटला. मागून विला, लग्नाचा निळा पोशाख, अनवाणी, कडेवर तिल्डा.

ड्युएन माझ्या कानाशी पुटपुटला, "घर तापवायच्या भट्टीतून गॅस गळला म्हणून सांगू का? चालेल मला."

भला माणूस. मी 'हो' म्हणणारच होते, तोंड उघडलंसुद्धा. पण विला माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, एका हाताने माझा चेहरा धरला आणि विचारत राहिली, "श्वास घेता येतोय ना? अर्लिस, बोला, श्वास येतोय ना?" तिचे डोळे माझ्याइतकेच लाल होते, आणि ती तर आत गेलीही नव्हती. त्या पोरीशी खोटं बोलवेना.

"ब्लीच होतं," मी म्हटलं. "लपवून ठेवलं होतं. व्हिनेगरवर ओतलं."

"मॉम!" डॅरिन म्हणाला.

"पण का?" विलाने विचारलं.

"टॉयलेटमध्ये तांबडं कडं आहे. तू बघितलं असतंस."

 विलाला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. चर्चच्या बायका भांडी सावरून जवळ सरकल्या. "अर्लिस," ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी मी काय करते ठाऊक आहे? तिल्डाला डॅरिनबरोबर बाहेर पाठवते आणि सगळं बाथरूम ब्लीचने धुते. जमिनीपासून छतापर्यंत."

"तू?"

"तुम्ही आलात की आधी बोटाने फ्रिजचा माथा पुसून बघता. मग माझी छाती धडधडते. माझं डोकं तुमच्या घरात उठत नाही. तुम्ही येणार असलात की माझ्याच घरात उठतं."

मी डॅरिनकडे पाहिलं. त्याने बुटांकडे पाहिलं. फ्रिजचा माथा मी पुसते. जाईन तिथे पुसते, हात आपोआप जातो. मला वाटायचं, मी मदत करते. पोरीला माझी भीती वाटते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. 

"आता लग्न राहू दे," विला डॅरिनला म्हणाली. "तिल्डाला कुठे ठेवणार?" मग ती थांबली. तिने गर्दीकडे पाहिलं, मग माझ्या कर्लरांकडे. मोठ्या कष्टाने म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे चला. तिथे राहा हिच्याजवळ. पण घर आवरलेलं नाही, अर्लिस. अजिबात नाही. तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं."

"चालेल," मी म्हटलं.

ती खरंच सांगत होती. त्यांच्या घरी पोचलो तर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर, त्यात ओट्सची करपलेली कढई. सोफ्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. गॅसवर काहीतरी उतू जाऊन वाळलेलं. विला लग्नाला निघताना दारातून एकदा सिंककडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेली, आणि त्या बघण्याने माझा जीव अर्धा झाला.

तिल्डाने बाटलीतलं दूध संपवलं, माझा चष्मा ओढला, जरा कुरकुरली आणि माझ्या खांद्यावर झोपली. मी कपडे सरकवून सोफ्यावर बसले. तिथून सिंक सरळ समोर दिसत होतं. तिला खाटेवर ठेवून अर्ध्या तासात मी ते स्वयंपाकघर आरसा करून सोडलं असतं. सोडा फळीवरच होता. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू. त्या कढईवरून तर माझी नजर हटेना. मग मी तो हात तिल्डाच्या पाठीवर ठेवला, तिचा श्वास मोजत बसले, आणि उठले नाही.

विलाचं लग्नातल्या नाचात मन लागलं नसावं. ती दोघं लवकरच परत आली. तिने कोटसुद्धा न काढता आधी सिंककडे पाहिलं. भांडी जशीच्या तशी होती, वर माझ्या कॉफीचा एक कप वाढला होता.  मग आली, सोफ्यावरचे कपडे खाली ढकलले आणि माझ्या शेजारी धपकन बसली.

"घेतेस का हिला?" मी विचारलं.

"नको," विला म्हणाली. "झोपलीये तुमच्याजवळ. सकाळपर्यंत असू दे."